मावशीचं आभाळ कुठे ठेवायचं

मावशी सूत रंगवते, आणि रोज दुपारी रंगाच्या कुंडीतून हात काढून त्या दिवसाच्या आभाळाचा रंग आपल्या वेबसाइटवर लिहिते. ‘नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखं.’ ‘सायीसारखं, कडेला पिवळट.’ कुठकुठली माणसं ते वाचत असतात. पण साइट सांभाळणाऱ्या कंपनीनं गाशा गुंडाळायचं ठरवलं आणि मावशीचं आभाळ बेघर व्हायची वेळ आली.

वेबसाइट बनवणं हाच माझा धंदा, त्यामुळे हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

“ओपन सोर्स घेऊ,” मी म्हणाले. “त्यावर कुणा एकाची मालकी नसते. कुणी दुकान बंद केलं तरी आपलं आपल्याकडे राहतं.”

“ते तू बघ. पण रोजचं आभाळ माझं मी चढवणार. त्यासाठी कुणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या, तर लिहिणंच सोडीन.”

ती म्हणते तसंच करते, म्हणून मला धास्ती.

लिहिलेलं साइटवर चढवायच्या तीन सिस्टीम मी तिच्या कॉम्प्युटरवर लावून दिल्या, वापरून बघ म्हटलं. पहिली इतकी देखणी की मीच भाळले. दुसरी बरी होती. तिसरी म्हणजे नुसता ओसाड माळ: वर शीर्षकाची पट्टी, खाली मजकुराची चौकट, त्याखाली एक बटण.

काही दिवसांनी उघडून बघते, तर तिन्हींत गिचमिड. रिकामी पानं, अर्धी वाक्यं, शीर्षकाच्या जागी सगळं आभाळ. माझं डोकंच सणकलं. एवढं सोपं करून दिलं, तरी पालथ्या घड्यावर पाणी! तशीच तिच्याकडे गेले.

खोलीभर बांधलेल्या दोरीवर निळ्या सुताच्या लडी वाळत होत्या. त्यांतून गाळून आलेलं ऊन भिंतीवर हलत होतं आणि आपण पाण्याखाली उभे आहोत असं वाटत होतं. मावशी कॉम्प्युटरपुढे बसली होती, डोळे मिटून. बोटं कीबोर्डवर सावकाश चालली होती. शीर्षक, मग मजकूर, मग बटण. डोळे उघडून तिनं पडद्याजवळ नाक नेलं आणि खुदकन हसली.

“हीच घ्यायची. ती पहिली सुंदर आहे गं, पण तिचं बटण बघितल्याशिवाय सापडत नाही. हिचं आपलं जागच्या जागी असतं.”

“पण डोळे कशाला मिटायचे?”

“डॉक्टर म्हणाले, काही दिवसांनी उघडे असून नसून सारखेच. तोवर हातांना वाट पाठ करून देते.”

मला तिचा राग आला, डॉक्टरांचा आला, आणि त्या देखण्या सिस्टीमचा तर सगळ्यात जास्त आला. मग रडूच फुटलं.

“रडतेस काय, वेडे? चढवीन मी. बघायला मात्र तुला यावं लागेल.” आजवर तिनं कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. तिनं पुन्हा डोळे मिटले. “हं, सांग. आज कसं आहे?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. “निळं.”

तिची बोटं हलली नाहीत.

“निळी तर ही अख्खी दोरी आहे. नीट बघ. कसलं निळं?”

मी खुर्ची खिडकीशी ओढली आणि बघत बसले.