आपेलूचा शंख

संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली, म्हणजे ‘सा’ लागली, की बेटावरच्या या गावात बस वेशीवरच थांबते. प्रार्थना संपेपर्यंत पुढं सरकायची कुणाची टाप नसते. बसमध्ये बसलेली तैमाने खिडकीशी कान लावून होती. आज तरी सा लागल्याचं सांगणारा बाबांचा शंख वाजायला हवा होता. त्याऐवजी गावचे थोरले मताई, म्हणजे मुखिया, म्हातारे लेओता, स्वतःच “सा! सा!” ओरडत रस्त्यानं गेले. त्यांचा घसा ऐकून कुत्रीसुद्धा चिडली.

प्रार्थना आटोपल्यावर ती उतरली, तर लेओता समोरच उभे.

“पोरी, तुझं यंत्र झोपलं बघ. आता उद्याच नीरफणसाच्या झाडाला गॅसचं रिकामं सिलिंडर टांगतो. ठोकलं की वाजतं, बिचारं कसले नखरे करत नाही.”

“रविवारपर्यंत थांबा ना, काका.”

“तुझ्या बापासाठी, आपेलूसाठी थांबतो हो. माझ्या घशाचा विचार कर म्हणजे झालं.”

सिलिंडरचा आवाज तिनं शेजारच्या गावात ऐकला होता. बाबांची छाती निकामी झाली म्हणून त्यांच्या शंखाच्या जागी तो ठणठणाट यावा, हे तिला सोसवेना. ऑकलंडला निघताना तिनं फोनवर त्यांच्या शंखाचा आवाज रेकॉर्ड करून घेतला होता आणि परक्या थंडीत तो ऐकून कितीदा रडली होती. याच आठवड्यात ती कायमची परतली. बेटाच्या राजधानीतल्या, अपियातल्या नोकरीमुळं सा लागायच्या आत घरी पोचणं जमत नव्हतं, म्हणून तिनं जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं, झाडावर कर्णा बांधला आणि ठरल्या वेळी शंख वाजवणारी छोटीशी स्क्रिप्ट लिहिली.

हातानं चालवली की स्क्रिप्ट गुणी बाळासारखी चाले. अर्थात कानाला हेडफोन लावूनच. भलत्या वेळी कर्ण्यातून शंख वाजला असता तर अख्खं गाव हातातलं काम टाकून प्रार्थनेला बसलं असतं. वेळेवर चालवायचं काम क्रॉनचं, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या गजराचं, आणि तिथंच घोडं अडत होतं. क्रॉनला शंख वाजवणारा प्रोग्रॅम सापडत नसेल, म्हणून काल तिनं त्याचा पूर्ण पत्ता लिहून दिला होता. तरी आज पालथ्या घड्यावर पाणी.

बाबांनी कोकोचा पेला पुढं ठेवला. “राहू दे गं. सिलिंडर तर सिलिंडर.”

“तुम्हाला चालेल?”

त्यांनी पेला उगाच आणखी पुढं सरकवला. न चालण्याचं त्यांचं बोलणं असंच असायचं.

तिनं यंत्राची नोंद उघडली. दुपारपर्यंत सगळं ठीक. सा लागायच्या वेळेला मात्र काहीच नाही, चूक झाल्याचीसुद्धा नोंद नाही. त्यानंतर यंत्र नव्यानं सुरू झालेलं. क्रॉन बिचारा काय करणार? त्या वेळी यंत्र जागंच नव्हतं. कालही तेच, परवाही तेच.

“बाबा, सा लागायच्या आधी वीज जाते का हो?”

“जाते कशाला? मीच मेन स्विच पाडतो. प्रार्थना झाली की लावतो.”

“तुम्ही?”

“मग! शंखवाल्याच्याच घरात फ्रिज घरघरला तर गाव काय म्हणेल? तुझ्या आईनंच लावलेली शिस्त. तू तेव्हा ऑकलंडला होतीस.” मग त्यांचा चेहरा उतरला. “त्या डब्याला फोनसारखी बॅटरी नसते होय?”

“नसते.”

“म्हणजे माझा शंख मीच बंद पाडला?”

तिला हसू आलं आणि रडूही. तिनं त्यांचा खरबरीत हात गालाशी धरला. “तुमची भक्तीच नडली, बाबा.”

दुसऱ्या दिवशी शनिवार. सुट्टी असल्यानं ती घरीच होती. वेळ होत आली तसे बाबा सवयीनं उठले, स्विचपाशी गेले आणि हात पाठीमागं बांधून परत आले. फ्रिज निर्लज्जासारखा घरघरत होता. दोघं चटईवर बसली.

झाडावरून शंख वाजला. लांब, भरदार, बाबांच्या तरण्या छातीचा. समोर लेओतांनी रस्त्यातच टोपी काढली आणि ते आपल्या घराकडं वळले.

बाबा मात्र प्रार्थना सुरूच करीनात. मान खाली, डोळ्यांतून धारा.

“बाबा, काय झालं?”

“जन्मभर मी सगळ्यांना बोलावत आलो,” ते म्हणाले. “बोलावणं आल्यावर कसं वाटतं, ते आज कळलं गं.”