उत्तरेला डोकं असलेली गाळाची कांडी

मित्रांनो, मी समुद्राच्या तळातून उपसून काढलेली गाळाची एक जुनी कांडी आहे. माणसाएवढी लांब, मनगटाएवढी जाड, आणि उभी चिरून पत्र्याच्या पन्हळीत निजवलेली. नागपुरात समुद्र नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी नागपुरातच आहे. कसं काय, याचा फार विचार केला की माझे थर एकमेकांत मिसळतील की काय अशी भीती वाटते. म्हणून आठवतं तसं सांगते, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका जागचा नाही. एक कण हिमालयाचा, दुसरा कुठल्याशा शेताच्या बांधाचा, तिसरा कदाचित तुमच्या कन्हानच्या काठचा. कन्हानचं पाणीही वैनगंगेतून, गोदावरीतून शेवटी बंगालच्या उपसागरालाच मिळतं ना! आम्ही सारे समुद्राच्या उंबरठ्यावर साचून बसलो होतो. एक दिवस तो उंबरठा ढासळला. पाण्याखालीच एक गढूळ लोंढा उठला आणि उतारावरून धावत सुटला. असल्या लोंढ्यांनीच तळाशी नदीसारखी पात्रं कोरली आहेत, अगदी वळणांसकट. पात्र भरलं की लोंढा काठावर सांडायचा. आधी जड वाळू बसायची, मग तिच्यावर बारीक माती. अशी मी त्या काठात थराथराने साचले.

पण तिथे आणखी कुणीतरी होतं. खोल तळाशी एक थंड प्रवाह संथ वाहत असतो. लोंढा म्हणजे कीर्तनातला गजर समजा, टाळ आणि मृदंग एकदम. आणि हा प्रवाह म्हणजे मागे उभ्या विणेकऱ्याची वीणा. तिच्याकडे कुणी बघत नाही, पण ती थांबत नाही. तो प्रवाह आमच्या अंगावरून शतकानुशतकं हात फिरवायचा, हलके कण उचलून पुढे न्यायचा, एक काठ उंच करायचा, दुसरा झिजवायचा. मग मला घडवलं कुणी, गजराने की विणेने? मला तेव्हाही कळलं नव्हतं.

१९६८ साली एका जहाजावरून एक पोकळ नळी खाली आली, खचकन माझ्यात रुतली, आणि मी वर! पुढे रेल्वेने नागपूर, स्टेशनवरून सायकल रिक्षाने कॉलेजचा भूशास्त्र विभाग. तिथल्या बापूजी नावाच्या प्राध्यापकांनी माझं कोण कौतुक केलं! भिंतीतच एक लाकडी पेटी पक्की बसवून घेतली, तिच्या एका टोकाला ‘वर’ असं रंगवलं आणि मला आत ठेवलं. प्रयोगशाळेचे शिपाई देवाजी यांना ते म्हणाले, “हे हिचं डोकं, ते हिचे पाय. जपा.” त्याच वर्षी बापूजी निवृत्त झाले, आणि पुढे नऊ वर्षं माझ्यावर फक्त धूळ बसली. धुळीचाही थर जमतो, बरं का!

देवाजी मोठे भाविक. जवळच्या नंदनवन वस्तीत कुठे कीर्तन असलं की पहिल्या रांगेत. खंडेनवमीला ते विभागातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पुजायचे. १९७७च्या खंडेनवमीला त्यांनी माझी पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला.

“अगे माय! ही तं उत्तरेले डोकं करून निजली! असं मढ्याले ठेवतात वं, जित्या जिवाले नाही!”

पेटी भिंतीत पक्की, ती काही हलेना. म्हणून त्यांनी मलाच उचललं, डोकं दक्षिणेला केलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. ‘वर’ ही अक्षरं मात्र होती तिथेच राहिली, आता माझ्या पायांशी. केवढ्या मायेने केलं हो त्यांनी! मी मात्र गोंधळले. माझं वर ते कुठलं?

दिवाळीनंतर जया नावाची मुलगी संशोधनाला आली. तिचा प्रश्न माझाच प्रश्न होता: पाण्याखालचे काठ लोंढा बांधतो की प्रवाह? तीन वर्षं तिने माझा कण न् कण मोजला. ‘वर’ लिहिलेल्या टोकाकडे जाताना प्रत्येक थरात वाळू जाड होत गेलेली दिसली. तिने लिहिलं, संथ प्रवाहाचा जोर वाढत गेला, त्यानेच काठ बांधला, लोंढा नव्हताच. मी म्हटलं, असेल बाई. मला तरी कुठे नक्की ठाऊक होतं!

प्रबंध टाइप होऊन बांधणीला जायच्या दिवशी ती देवाजींना कौतुकाने दाखवू लागली. “काका, हे बघा, हे हिचं डोकं.”

देवाजींच्या हातातलं फडकं थांबलं. “नाही जी, बाई. ते तिचे पाय हायेत.”

“काहीतरीच! पेटीवर ‘वर’ लिहिलंय की.”

“लिवलं हाय. पण मीच फिरवलं हिले, खंडेनवमीले. उत्तरेले डोकं होतं, मले बघवलं नाही.” त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. “नोकरी जाईन माही. जाऊ द्या. पन तुमी उलटं वाचून राहिल्या.”

जयाने प्रबंधाची पानं मिटली. “काका, तीन वर्षं हो! काहून नाही सांगितलं आधी?”

“मले काय मालूम, वर-खाली एवढं मोठं असते म्हणून!”

मग तिने भिंग घेतलं. माझ्या अंगात एका किड्याचं जुनं बीळ होतं, एका बाजूला रुंद तोंड, दुसरीकडे निमुळतं. किडा घर खाली खणतो, वर नाही. ते निमुळतं टोक ‘वर’च्या दिशेला होतं. देवाजींचं खरं होतं.

तिचे मार्गदर्शक मनोहरराव ऐकून चिडलेच. “पेटीवर लिहिलंय ना? झालं तर मग. प्रबंध द्यायची मुदत आठवड्यावर आलीय. कोण बघायला जाणार आहे?”

“कांडी आहे ना, सर,” जया म्हणाली.

“सहा महिने जातील तुझे.”

“जातील.” तिचे डोळे भरले होते, पण टाइप केलेली पानं तिने बांधणीला दिली नाहीत.

दाराशी उभे असलेले देवाजी हळूच म्हणाले, “आमचे बुवा पद चुकले तं भर सभेत थांबतात जी. सूर मांगतात, आन् पयल्यापासून धरतात. कोनी हासत नाही.”

मनोहररावांनी चष्मा काढून पुसला. “देवाजी, तुमची चौकशी मला करावी लागेल. तुम्ही आपण होऊन सांगितलंत, हेही लिहीन.” मग जयाकडे वळून म्हणाले, “धर मग पहिल्यापासून.”

सहा महिने तिने मला पुन्हा वाचलं, सुलटं. प्रत्येक थरात खाली वाळू, वर माती: ही लोंढ्याची खूण. आणि मातीच्या माथ्यावर धुतल्यासारखी एक बारीक रेघ: ती प्रवाहाची. म्हणजे आणलं लोंढ्याने, मांडलं प्रवाहाने. मी दोघांचीही! अजूनही माझ्यातला कुठला कण कन्हानचा, हे विचाराल तर मला सांगता येणार नाही. पण वर-खाली आता कळतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू मायेने जपाच. पण हलवण्याआधी विचारा, आणि हलवलीत तर सांगा. चूक दडवली की तिच्यावर थर बसतात, पुढे तिचा दगड होतो. ओली असते तोवर ती बोटानेही निघते.