पाहुण्याचा रस्सा

लेक अमेरिकेला गेल्यावर एकोणीस वर्षांनी एकदाचा व्हिसा मिळाला आणि ओदिलिया मेक्सिकोतल्या ओहाकाजवळच्या आपल्या गावातून शिकागोला त्याच्याकडे आली. पिशवीत कपडे कमी आणि मिरच्याच जास्त. आन्सेल्मो दर रविवारी फोनवर एकच धोशा लावायचा, "आई, इथलं जेवण म्हणजे नुसता चोथा. तुझ्या हातचा रस्सा पाहिजे."

आल्या दिवशीच तिने मिरच्या भाजल्या, दगडी खलात वाटल्या आणि कोंबडीचा रस्सा केला. आन्सेल्मोने मक्याची भाकरी बुडवून पहिला घास घेतला मात्र, लालबुंद झाला, खोकत उठला आणि दुधाची बाटलीच तोंडाला लावली.

"पाच वर्षांचा होतास तेव्हा मिरच्या चोरून खायचास, मेल्या," ती हसत म्हणाली.

"सवय मोडली गं आई. पोटाला झेपत नाही आता."

दुसऱ्या दिवशी तिने मिरच्यांचं सगळं बी काढून टाकलं, रश्शात टोमॅटो वाढवले, वर साखर घातली. आन्सेल्मोने दोनदा वाढून घेतलं. त्याचे डोळे भरून आले.

"हाच तो, आई. अगदी हीच चव. इतकी वर्षं हीच जिभेवर होती."

 असला गुळमट रस्सा ओदिलियाने आयुष्यात एकदाच केला होता, गावात डोळे तपासायला परदेशी डॉक्टर आले होते तेव्हा. लहानग्या आन्सेल्मोने तो चाखून थुंकला होता आणि म्हणाला होता, "हे त्या गोऱ्यांनाच वाढ."

"घे अजून थोडा," ती म्हणाली, आणि पाहुण्याला वाढावं तसं तिने त्याला आग्रहाने वाढलं.