तामूच्या चहावरचा फेस

मी एक जुनी चहाची किटली आहे. तामू गेल्याचं कळलं त्या शुक्रवारी शेजारणी आपापल्या किटल्या घेऊन आल्या, कारण दुःखाच्या घरात तीन दिवस चूल पेटवत नाहीत. मी फडताळातच राहिले.

मित्रांनो, मोरोक्कोतल्या तेतुआन शहरातल्या एका तांबटाने मला घडवलं. तामूच्या लग्नात मी या घरी आले. ती मला डोक्याच्या वर नेऊन पुदिन्याचा चहा ओतायची, पेल्यात फेस यायचा. कौतुक तिच्या हाताचं व्हायचं, माझं क्वचित.

मग तिचं हृदय मंदावलं. डॉक्टरांनी उजव्या खांद्याजवळ तेवढीच जागा बधिर करून आत छोटं यंत्र बसवलं. ती जागी होती, बोलत होती म्हणे! मला फार नवल वाटलं. दुखणं तेवढा वेळ कुठे जातं? पुढे कळलं, ते कुठेच जात नाही. औषध उतरलं की आहे तिथेच असतं.

रोज नर्स इक्रामचा फोन यायचा. "दुखतंय का?"

"अल्हम्दुलिल्लाह," तामू म्हणायची. म्हणजे देवाची कृपा. इथे तब्येत कशीही असो, उत्तर हेच. इक्राम 'दुखत नाही' असं लिहायची.

हात वर न्यायची मनाई होती. पण मला वीतभर उचलतानाही तिने दुसऱ्या हाताने खांदा धरला. चहा तबकात सांडला.

"किटली गळते हो," ती नवऱ्याला म्हणाली.

"चाळीस वर्षं नाही गळली, आज बरी गळली!" लयाशी म्हणाले. मी गळत नव्हते. त्यांनी इक्रामला घरीच बोलावलं.

"लल्ला तामू," इक्राम आदराने म्हणाली, "दहापैकी किती दुखतं?"

"अल्हम्दुलिल्लाह."

"ते झालंच. आता आकडा सांगा."

तामूने माझ्याकडे पाहिलं. "आठ."

त्या दिवशी तिला गोळ्या मिळाल्या आणि झोप लागली.

आठ वर्षांनी यंत्र बदलायची वेळ आली. तामूने डॉक्टरबाईंना आधीच सांगितलं, "पोरी, मागच्या वेळी मी लपवलं होतं." डॉक्टरांनी टाके घालण्यापूर्वी जखमेत जास्त वेळ टिकणारं बधिरतेचं औषध सोडलं, आणि ते उतरण्याआधीच गोळी घ्यायला सांगितली. इक्रामने विचारताच तामू ऐटीत म्हणाली, "दोन!"

मित्रांनो, दुखत असेल तर आकडा सांगा. आणि कोणी सांगत नसेल, तर पुन्हा विचारा.

आता लोक लयाशींना विचारतात, "कसे आहात?" ते म्हणतात, "अल्हम्दुलिल्लाह." लोक मान डोलावून निघून जातात. तामू जाऊन महिना झाला, त्यांना आकडा अजून कोणी विचारलेला नाही.