न दाबलेल्या बटणाची घंटी

अप्पा वारल्यानंतर एकविसाव्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, त्यांनी स्वयंपाकघरातली घंटी वाजवली.

आईच्या हातातली बशी खाली पडली. अप्पांच्या खोलीत कोणी नव्हतं. दुपारी घंटी पुन्हा वाजली, आणि तोवर तिन्ही मजल्यांवर बातमी पोचल्यामुळे ऐकायला अकरा माणसं हजर होती. संध्याकाळी जिन्यात चपलांना जागा उरली नाही. समोरच्या काकूंनी घंटीला हात जोडले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून म्हणाले, अप्पा तसे पहिल्यापासून वक्तशीरच होते.

ज्या घंटीला हे हात जोडले जात होते, ती मुळात साबणाची डबी होती आणि ती धाकटीने बनवली होती. धाकटी म्हणजे अप्पांची लहान मुलगी. वय त्रेचाळीस, बेकरीत केकवर नक्षी काढण्याचं काम. वर्षभरापूर्वी इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकांच्या पिशवीत तिला बिस्किटाएवढी एक निळी पट्टी दिसली होती.

"मायक्रोकंट्रोलर," काका म्हणाले होते. "अगदी छोटा संगणक. तुम्ही लिहून द्याल तेवढंच करतो. पण तेवढं मात्र इमानेइतबारे."

घरात असं वागणारं दुसरं कोणी नसल्याने धाकटीने तशी एक पट्टी विकत आणली. पहिला आठवडा एक इवलासा दिवा लुकलुकवण्यात गेला. तो पहिल्यांदा लुकलुकला तेव्हा ती एकटीच टाळ्या वाजवत बसली. मग अप्पांनी अंथरूण धरलं, आणि तिने त्यांच्यासाठी घंटी केली. उशाशी बटण, तिथून स्वयंपाकघरापर्यंत लांब वायर, तिथे साबणाच्या डबीत पट्टी आणि भोंगा. बटण दाबलं की एक सेकंद वाजायचं, एवढाच प्रोग्राम. अप्पा गेल्यावर तिने बटण दुसऱ्या कामासाठी काढून घेतलं. वायर गादीखाली तशीच राहिली, आणि डबीचा प्लग आईने काढू दिला नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर धाकटीने डबीवर हात ठेवून हळूच "अप्पा?" म्हटलं होतं. तेव्हा इतरांपेक्षा ती काही फार शहाणी होती असं नाही.

तिसऱ्या दिवशी, बातमी ऐकून, गेलेल्यांशी बोलणं करून देणारे दूतमहाराज आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी खोलीभर चक्कर मारली, गादी चाचपली, डोळे मिटले आणि अप्पांच्या पलंगावर मांडी घालून बसले. डावा हात उशीखाली.

"आत्मा म्हणजे कंपन," महाराज म्हणाले. "कंपनाला माध्यम लागतं. लोक जन्मभर तपश्चर्या करतात तरी त्यांना माध्यम गवसत नाही. तुमच्या कन्येने ते अजाणता साबणाच्या डबीत बसवलं! आता विचारा. एकदा वाजली तर होय, दोनदा वाजली तर नाही."

"अहो, बरे आहात ना?" आईने विचारलं.

घंटी एकदा वाजली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

"तिथे काही त्रास नाही ना?"

पुन्हा एकदा वाजली.

"म्हणजे होय, त्रास आहे? की होय, त्रास नाही?" कारकुनांनी विचारलं.

"प्रश्न सरळ विचारा," महाराज डोळे न उघडता म्हणाले.

धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. अप्पांनी हयातीत कोणत्याही प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं नव्हतं. जेवलात का विचारलं तर आधी भाजी कशी चिरावी इथून सुरुवात करत. मरणाने माणूस इतका बदलतो?

मग आईने डोळ्यांचं विचारलं. तिला काचबिंदू होता, ऑपरेशनची तारीख दहा दिवसांवर आली होती. "करू का हो?"

घंटी दोनदा वाजली.

महाराजांनी पिशवीतून स्वतःच्या थेंबांची बाटली काढली. त्याच दिवशी आईने डॉक्टरांचे थेंब कपाटात टाकले आणि दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली.

"आई, गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय."

"आणि अप्पा सांगतायत ते खोटं?" आई म्हणाली. "घंटी तूच केलीस ना? मग ती खोटं बोलते का, तूच सांग."

 दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटी लॅपटॉप घेऊन लिफ्टवाल्या काकांकडे गेली. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर, यंत्राच्या खोलीत, ते तेलाचे हात पुसत बसले होते. त्यांनी तिचा प्रोग्राम वाचला. सगळा मिळून चौदा ओळींचा.

"बटण दाबलं की पिनवर, म्हणजे पट्टीच्या ज्या पायाला वायर जोडलीय तिथे, शून्य व्होल्ट येतात. बरोबर. आणि दाबलेलं नसताना काय असतं?"

"काहीच नसतं."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे... काहीच नाही."

"तिथेच चुकलात. ती पिन तेव्हा कशालाच बांधलेली नसते, अधांतरी असते. मग वायरजवळून माणूस गेला, पंखा लावला, मिक्सर फिरला, तरी तिला वाटतं बटण दाबलं. कधी दिवसातून दोनदा, कधी वीस दिवसांत एकदाही नाही. ओलसर बोटाने वायरची टोकं धरली तर हमखासच. कोणी न बोलावता लिफ्ट मजल्यावर येऊन थांबली, तर आम्ही भूत नाही शोधत. वायर शोधतो." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे 'इनपुट' लिहिलंय. 'इनपुट पुलअप' हवं होतं. मग पट्टी स्वतःच पिनला वर, पाच व्होल्टवर, धरून ठेवते, आणि खरंखुरं बटण दाबल्याशिवाय ती खाली येत नाही."

"एवढंच?"

"एवढंच. नवीन शिकणारा प्रत्येक जण इथे आपटतो. मीही आपटलोय."

धाकटीने तो शब्द तिथल्या तिथे घातला नाही. गुपचूप दुरुस्त केलं असतं तर अप्पा रुसले, एवढाच अर्थ लोकांनी काढला असता.

रविवारी दुपारी खोली भरली. महाराज पलंगाकडे निघाले, तशी धाकटी मध्ये आली.

"महाराज, आज जरा खुर्चीवर बसता का? खिडकीशी?"

"का?"

"आत्म्याला काय फरक पडणार आहे?"

सगळे बघत होते. महाराज खुर्चीवर बसले. आईने तीन प्रश्न विचारले. घंटी गप्प.

"कंपनं क्षीण आहेत," महाराज म्हणाले. "कोणाच्या तरी मनात शंका आहे."

"आहे, माझ्या," असं म्हणून धाकटीने गादी उचलली. खाली वायरची दोन टोकं होती. तिने सोडली होती तेव्हा जेमतेम नखाएवढी उघडी होती. आता बोटभर सोलून व्यवस्थित शेजारी शेजारी वाकवलेली होती.

"काकू, या इकडे. धरा ही टोकं. घाबरू नका, पाच व्होल्ट आहेत, मुंगीलासुद्धा काही होणार नाही."

काकूंनी धरली. स्वयंपाकघरात घंटी वाजली. काकूंनी सोडली, पुन्हा धरली, पुन्हा वाजली.

"अगं बाई, म्हणजे मीच अप्पा!" काकू म्हणाल्या.

मग कारकुनांनी धरली. मग रांगच लागली. पाच मिनिटांत अप्पांनी चौदा वेळा होय म्हटलं, तेही कोणी काही विचारलेलं नसताना. धाकटीने लॅपटॉप उघडला, एक शब्द वाढवला, प्रोग्राम पट्टीत चढवला. काकूंनी टोकं धरली. शांतता. काकूंनी बोटं ओली करून धरली. शांतताच.

"तू बापाचं तोंड बंद केलंस!" महाराज ओरडले.

"मी माझी चूक दुरुस्त केली. तुम्ही त्या चुकीच्या जोरावर थेंब विकत होतात."

महाराजांनी पिशवी उचलली. जिन्यात त्यांना आपल्या चपला बराच वेळ सापडत नव्हत्या, आणि शोधायला कोणी मदत केली नाही.

खोली रिकामी झाली तरी आई पलंगावर बसून होती.

"तुझी चूक म्हणजे पहिल्या दिवसापासूनची?"

"हो."

"म्हणजे अप्पा होते तेव्हाही ती आपोआप वाजायची?"

"वाजत असणार."

आईने वायरचं एक टोक उचललं. "मी दहादा उठून यायचे. ते म्हणायचे, अगं, मी नाही वाजवली. मी म्हणायचे, मग काय भुताने वाजवली? फार बोलले गं मी त्यांना. शेवटी शेवटी ते हात मुद्दाम पांघरुणाबाहेर ठेवायचे, मला दिसावेत म्हणून."

धाकटी पलंगावर तिच्या शेजारी बसली. "आई, चूक माझी होती."

"तुझी शिकताना झाली. मी तर तपासलंच नाही."

दवाखान्याने पुढच्या महिन्यातली तारीख दिली. ऑपरेशन नीट झालं. होती तेवढी नजर टिकली. तपासणीच्या दिवशी बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी आईला एका महाराजांचं नाव सुचवलं. त्यांच्याकडचा दिवा म्हणे प्रश्न विचारला की आपोआप पेटतो.

"त्यांना बसल्या जागेवरून उठवून दुसरीकडे बसवा आणि मग विचारा," आई म्हणाली. "दिवा उघडून बघा. उघडू देत नसतील तर सरळ आपल्या घरी परत जा. आणि घरातलं माणूस मी नाही केलं म्हणालं, तर त्याच्यावर ओरडायच्या आधी एकदा वायर बघा."