पाचव्या चाकाची जागा

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे, आणि तेही पाचवे. गाडीला चाके चार लागतात. पाचवे असते ते आसनांच्या मागच्या खोबणीत, पान्याच्या आणि तेलकट फडक्याच्या सोबतीला पडून. त्याला स्टेपनी म्हणतात. पंगतीत बसवून वाढायला विसरावे, तशी त्याची गत. पण माझी कहाणी रडगाणे नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या मधल्या तुंब्यापासून कडेपर्यंत, सायकलच्या चाकाला असतात तशा, साठ बारीक तारा ताणलेल्या आहेत. कारागिराने एकेक तार ओढून, सैल करून मला असे सरळ केले, की फिरताना मी केसभरही डुलत नसे. अशी आम्ही पाच भावंडे एका लाल, बुटक्या शर्यतीच्या गाडीला मिळालो. गाडीत जागा दोनच माणसांची, आणि तीही मांडीला मांडी लावून.

देश स्वतंत्र झाल्यावर पुष्कळ साहेब मायदेशी परतले. उरलेल्यांतला एक एकसष्ट साली गेला, तेव्हा त्याची ही गाडी रोह्याच्या दिनानाथ डॉक्टरांनी घेतली. गाडी रोह्याच्या बाजारात आली, तेव्हा तिच्याकडे बघायला लोकांना वाकावे लागले. एकाने विचारले, "डाक्टर, ही गाडी बसायची हाय का पायात घालायची?" डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने हसले. कोलाडपासून गडबपर्यंत ते तिच्यातूनच रोगी बघायला जात.

मला मात्र रस्त्याला टेकायची हौस होती आणि तेवढेच नशिबात नव्हते. चाक पंक्चर झाले की डॉक्टर गाडी कडेला लावून बसून राहत, बैलगाडीला दोर बांधून तिला ओढत नेत, पण मला हात लावत नसत. "स्टेपनी वापरून टाकली," ते म्हणत, "तर स्टेपनीची स्टेपनी कुठून आणू?" असा माणूस! तेरा वर्षे मी रस्त्याचा नुसता आवाज ऐकत राहिले.

दर वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी डॉक्टर पेणजवळच्या हमरापूरला गणपती आणायला जात. तिथे सखा आणि त्याची आई शाडूच्या मूर्ती करत. डॉक्टरांची छोटी लेक मैना गणपती मांडीवर घेऊन शेजारी बसे. चौऱ्याहत्तर साली मैना आठ वर्षांची होती, आणि तिच्याच हट्टाने त्या वर्षी मूर्ती मोठी सांगितली होती. गणपती आसनावर बसला आणि आसन भरले. आता मैना कुठे बसणार? डॉक्टरांनी डोके खाजवले, मला उचलून अंगणात ठेवले आणि माझ्या जागी मैनाला बसवले.

सखाची नवी बायको सगुणा दारात उभी होती. डॉक्टर तिला म्हणाले, "सूनबाई, हे इथं राहू दे. अनंत चतुर्दशी झाली की घेऊन जातो."

"ऱ्हाऊ द्या. डोळ्यांसमोर ठेवते," सगुणा म्हणाली.

गाडी गेली. मला वाटले, संपले आपले. खरे तर तिथूनच माझे आयुष्य सुरू झाले.

गणपतीनंतर नवरात्रातल्या देवींचे काम लागले. तेव्हा मूर्ती पाटावर ठेवून पाट हाताने सरकवत. पाट धक्का खाई आणि रेघ बिघडे. सगुणाने मला भिंतीशी टेकलेले पाहिले आणि नवऱ्याला काहीतरी सांगितले. सखाने सागाच्या ओंडक्यात एक दांडा उभा ठोकला, त्यावर बेअरिंग बसवले, माझा टायर काढून मला त्यावर आडवे ठेवले आणि माझ्यावर पाट मांडला. सगुणाने एक बोट लावले. मी आवाज न करता फिरले. मग तिने कुंचला उचलून देवीच्या डोळ्यांची आखणी केली. कुंचला एका जागी, हात एका जागी, फिरत होते ते मी.

अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाल्यावर डॉक्टर मला न्यायला आले. दारातच थांबून त्यांनी बराच वेळ ते काम पाहिले. सगुणा मूर्ती उतरवू लागली, तर म्हणाले, "चालू दे तुझं. पुढल्या वर्षी नेतो."

हेच वाक्य ते अकरा वर्षे बोलले. अकरा वर्षे तो माणूस खाचखळग्यांतून स्टेपनीशिवाय हिंडला. या उपकाराची फेड माझ्याने काही झाली नाही. बाराव्या वर्षी डॉक्टर आले नाहीत, त्यांच्या जाण्याची बातमी आली. लाल गाडी रोह्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली.

सगुणाच्या सासूबाई गेल्या, पुढे सखाही गेला. हाताखाली आलेल्या बायकांना सगुणा आखणी शिकवू लागली. दर दसऱ्याला हत्यारांबरोबर मलाही हळदकुंकू लागे, आणि दर दसऱ्याला ती त्यांना बजावी, "चाक जपून गो. दुसऱ्याची वस्तू हाय."

अशी बेचाळीस वर्षे गेली. मग एक दिवस, चतुर्थीला महिना असताना, मूर्तींच्या कारखान्याच्या दारात एक टेम्पो थांबला. पांढऱ्या केसांची एक बाई उतरली आणि म्हणाली, "सगुणावहिनी, ओळखलंत का? मी मैना. रोह्याच्या डॉक्टरांची."

मी पाटाखाली होते आणि पाटावर गणपती होता, एक डोळा आखलेला, दुसरा बाकी. सगुणाने पटकन बाजूचे पोते ओढले आणि मला झाकून टाकले.

मैनाने सगळे सांगितले. वडिलांची गाडी तिला पुन्हा रस्त्यावर आणायची होती, आणि यंदाचा गणपती त्याच गाडीतून न्यायचा होता. कोलाडच्या केरू मिस्त्रीने इंजिन सुरू करून दिले होते. पण चारही चाके गंजून गेली होती, बोटाने दाबली तरी तार तुटे. केरूने आधी हल्लीची जाड, चकचकीत चाके लावून पाहिली. ती आत घासू लागली, आणि गाडी मोठ्या माणसाचे बूट घातलेल्या पोरासारखी दिसू लागली. शेवटी मुंबईच्या जुन्या बाजारात तारांची सहा चाके मिळाली, ती टेम्पोत होती. त्यांतली चार निवडायची होती.

"बाबांची स्टेपनी तुमच्याकडे राहिली होती ना? तिच्याशी माप ताडून बघते म्हटलं."

सगुणा म्हणाली, "कंचं चाक गो? इतक्या वर्सांची गोष्ट. भंगारवाल्यानं नेलं असंल."

मित्रांनो, मी पोत्याखाली थिजले. बेचाळीस वर्षांत ही बाई खोटे बोललेली मी ऐकले नव्हते. तिची धास्ती मला कळत होती. हंगाम डोक्यावर, चाळीस मूर्तींचे डोळे बाकी आणि हाताला सवय माझी. पण माझ्या आतली हौसही जागी झाली होती. रस्ता दारापर्यंत आला होता आणि मी झाकलेले होते.

"असू दे," मैना म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "केरूभाऊ म्हणतात, जी चकाकतात ती चार घालू." ती पाणी प्यायला ओट्यावर बसली.

सगुणाने कुंचला उचलला. दुसरा डोळा आखायचा होता. तिने पाटाला बोट लावले, मी नेहमीसारखे सरळ फिरले, पण रेघ हलली. तिने ती ओल्या फडक्याने पुसली आणि पुन्हा आखली. पुन्हा हलली. गणपती एकाच डोळ्याने तिच्याकडे बघत होता.

तिने कुंचला खाली ठेवला. "मैना, थांब गो. खोटं बोलले मी." तिने दोन्ही हातांनी मूर्ती उतरवली, पाट काढला, पोते ओढले. "हे बघ तुझ्या बापाचं चाक. न्यायाचं तर ने."

मैनाने माझ्या कडेवरून बोटे फिरवली आणि तिचे डोळे भरून आले. "याच्या जागी बसून मी घरी गेले होते," ती म्हणाली. ती रागावली असती तरी चालले असते, ती रागावली नाही.

टेम्पोबरोबर आलेला केरू मिस्त्री माप घ्यायची टेप घेऊन पुढे झाला. सगुणाने त्याला अडवले. "मापानं काय कळतंय? चाक फिरवून घ्यायाचं. आन तुझी ती सहा इकडं."

"मावशी, गणपती नाय तो, गाडीचं चाक हाय," केरू हसला.

 मला उतरवून सगुणाने सगळ्यांत चकचकीत चाक दांड्यावर चढवले. कुंचला लाल रंगात बुडवला, एका विटेवर मनगट टेकले, कुंचल्याचे टोक चाकाच्या कडेशी धरले आणि चाक फिरवले. थांबले तेव्हा रंग एकाच बाजूला लागला होता, उरलेली कड कोरी. म्हणजे चाक वाकडे.

"च्यायला, आउट हाय!" केरू म्हणाला आणि त्याचे हसू मावळले. वरचे पॉलिश नवे होते, आतली कड जुन्या माराने वाकलेली. अशा चाकावर बसून मैना भरधाव निघाली असती.

सहांपैकी तीन चाकांवर रेघ पूर्ण उमटली, तीन बाद झाली. चौथे नव्हते.  सगळे माझ्याकडे बघू लागले.

मला दांड्यावर चढवले ते सगुणानेच. कुंचला कडेपासून जरा लांब धरला असता तर कोणाला कळले असते? तिने तो नेमका धरला. मी फिरले. लाल रेघ निघाली तिथेच येऊन मिळाली, कुठे तुटली नाही.

"हे चौथं," सगुणा म्हणाली.

"नको वहिनी, तुमचं काम अडेल. मी पुन्हा मुंबईला जाऊन शोधते."

सगुणाने माझ्याकडे पाहिले आणि तिला हसू फुटले. "खुळी का काय गो तू? आन मी तुझ्याहून खुळी! माझं काम सरतं कधी? चतुर्थीच्या आदल्या दिवशी. तुला गाडी पायजे कधी? त्याच दिवशी!"

मैनाही हसली. "मग अनंत चतुर्दशी झाली की आणून देते."

"तुझा बाप पन असंच म्हनायचा," सगुणा म्हणाली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाडी आली ती तीन सरळ आणि एका वाकड्या चाकावर, लंगडत लंगडत. केरूने वाकडे काढले आणि नवा टायर चढवून मला बसवले. शेवटी आखलेला गणपती आसनावर बसला आणि आम्ही निघालो. रस्ता खरखरीत असतो, मित्रांनो, आणि ऊन लागले की तापतो. गडबच्या पुढचे सगळे खड्डे मला भेटले आणि त्यांतल्या एकाचाही मला राग आला नाही. आजवर देवाला मी बसल्या जागी फिरवत होते, त्या दिवशी पहिल्यांदा त्याला घरी पोचवले.

अनंत चतुर्दशी झाली. इकडे हमरापुरात देवींची आखणी खोळंबली होती, हे मला मागून बायकांच्या बोलण्यातून कळले. शेजारणीने स्वतःचा फिरता पाट देऊ केला, तर सगुणा म्हणाली, "नको गो, माझं चाक येतंय." तिसऱ्या दिवशी सकाळी दारात लाल गाडी उभी राहिली. मैना आली होती.  सगुणाने पदराने माझ्यावरचा चिखल पुसला आणि मला दांड्यावर ठेवले.

तेव्हापासून दर वर्षी असेच चालते. मी इथे असते तोवर रोह्याची गाडी तीन चाकांवर आणि एका जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर उभी असते. बघणारे हसतात. हसू देत. मैनाने लहानपणी माझी जागा घेतली, म्हणून मला दोन जागा मिळाल्या. असे भाग्य किती स्टेपन्यांचे असते?

मित्रांनो, चकाकी बघून वस्तू निवडू नका, एकदा फिरवून पाहा. जुनी टाकण्याआधीही पाहा. आणि दुसऱ्याची वस्तू जपा, आपली म्हणून जपाल त्याहून थोडी जास्तच.

आता थांबते. पाटावर देवी बसली आहे, एक डोळा आखून झाला आहे. सगुणाने बोट लावले आहे, आणि दुसरा डोळा होईपर्यंत मला डुलून चालायचे नाही.