रोजड्यांचा रस्ता

“मंजू, धीरे. अजून धीरे.”

“अहो, चाळीसवर आहे. याहून धीरे चालवली तर मागचा येऊन ठोकेल.”

श्रीपादने उजवा पाय खाली गच्च दाबून धरला होता, जणू ब्रेक त्याच्याच बाजूला होता. मंजिरीला ते न बघताही कळत होतं. तिचे स्वतःचे तळहात घामाने स्टेअरिंगवर घसरत होते.

त्यांच्या मुलीचं, शर्वरीचं सासर इंदूरहून बेटम्याच्या पुढे, आतल्या एका खेड्यात. आज तिच्या लेकीचं बारसं होतं. ऊन असेपर्यंत परत निघायचं, एवढ्याच अटीवर श्रीपाद आला होता. पण नाव ठेवणारी आत्याच उशिरा पोचली, आणि निघेनिघेपर्यंत दिवस कलला. आता दोन्ही बाजूंच्या गव्हावर धुरकट अंधार उतरत होता आणि इंदूर बरंच लांब होतं.

गेल्या थंडीत अशाच एका रस्त्यावर शेतातून रोजडा बाहेर आला होता. रोजडा म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं धूड. त्याला वाचवायला श्रीपादने गाडी वळवली. जनावर उडी मारून निघून गेलं, गाडी बाभळीवर आदळली. श्रीपादचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पोलोग्राउंडच्या कारखान्यात तो परत कामावर जायला लागला, नकली पायावर जिने चढायला शिकला. गाडी चालवायला मात्र पुन्हा बसला नाही. मग पन्नाशी उलटलेल्या मंजिरीने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणाऱ्या बंटीने तिला बजावलं होतं, “मॅडम, जानवर सामने आए तो सीधा ब्रेक. स्टेअरिंग बिलकुल नहीं घुमाना.”

“मंजू!”

डावीकडच्या गव्हातून ते आलं आणि रस्त्याच्या मधोमध थांबलं. हेडलाइटमध्ये दोन डोळे हिरवे पेटले.

तिचे हात वळू पाहत होते. सगळं अंग म्हणत होतं, वळव, वळव. तिने दात आवळले, स्टेअरिंग सरळ धरलं आणि पाय ब्रेकवर दाबला. टायर किंचाळले. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि त्या काळ्या छातीमध्ये हातभर अंतर असेल. जनावराच्या नाकातून वाफ निघत होती.

मंजिरीने लाइट मंद केले. ते हललं, उजवीकडच्या शेतात उतरलं. तिने सुटकेचा श्वास घेऊन गिअर टाकला.

“थांब! हा एकटा नसतो.” श्रीपादचा आवाज फाटला होता. “ते बघ.”

गव्हात आणखी पाठी हलत होत्या. चार, पाच, नीट दिसत नव्हतं. आणि त्याच वेळी मागून हॉर्न ऐकू आला. आरशात एक पिकअप दिसली, भरधाव येणारी. मंजिरीने चारी इंडिकेटर लावले. पिकअपचा वेग काही कमी होईना. ती त्यांच्या गाडीच्या बाजूने पुढे निघायला बघत होती. म्हणजे थेट कळपातच घुसणार होती.

दार उघडल्याचा आवाज झाला.

“अहो! कुठे चाललात? आत बसा!”

श्रीपाद उतरला होता. एक हात गाडीच्या टपावर टेकत तो मागे गेला, मोबाइलचा टॉर्च डोक्यावर धरून हलवू लागला. नकली पाय खडीवर घसरला, त्याने तोल सावरला. “रुको भिया! रुको! रोजडे हैं!”

पिकअपचा प्रकाश त्याच्या अंगावर वाढत गेला.

ब्रेक कर्कश वाजले. पिकअप त्याच्यापासून दोन पावलांवर तिरकी थांबली.

“मरना है क्या अंकल?” ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. मग त्याला पुढचं दिसलं.

एकेक करून रोजडे रस्ता ओलांडत होते. सगळ्यांच्या शेवटी एक पिल्लू. ते डांबरावर येऊन बावरलं, मागे फिरलं, पुन्हा आलं. कुणी हॉर्न वाजवला नाही. श्रीपाद टॉर्च खाली करून तसाच उभा राहिला, पिल्लू पलीकडच्या हरभऱ्यात दिसेनासं होईपर्यंत.

“सॉरी अंकल,” ड्रायव्हर हळूच म्हणाला. “आप पहले निकलो.”

श्रीपाद येऊन बसला. त्याने सीटबेल्ट ओढला, पण टोक खाचेत जाईना. एकदा चुकलं, पुन्हा चुकलं. मंजिरीचा हात आपोआप पुढे झाला होता. तिने तो मागे घेतला आणि समोर बघत बसली.

मागची पिकअपही थांबूनच होती.

बऱ्याच वेळाने खट्ट आवाज झाला.

“चल,” श्रीपाद म्हणाला.